पहिली लाल टोपी: व्हॅलेरियन ग्रेशियस आणि त्यांच्यानंतरचे कार्डिनल

१२ जानेवारी १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी एकाच वेळी २४ जणांना कार्डिनल केले. त्या यादीत पोलंडचे स्तेफान विशिन्स्की होते. त्यांना त्यांच्या सरकारने कार्डिनलपदाची लाल टोपी घ्यायला रोमला जाऊच दिले नाही. युगोस्लाव्हियात स्थानबद्ध असलेले स्टेपिनाक होते. त्यांचे नाव जाहीर होताच मार्शल टिटोंच्या सरकारने व्हॅटिकनशी राजनैतिक संबंध तोडले. पाच वर्षांनी स्वतःच पोप होणार असलेले रोंकाल्लीही होते. आणि मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस होते, वय ५२. भारताचे ते पहिले कार्डिनल.

ज्या सरकारांना चर्च परक्या सत्तेचा हस्तक वाटत होते, त्यांनी कार्डिनलपद म्हणजे आपल्या कारभारात ढवळाढवळ मानली. भारतात तसे झाले नाही. हे आपोआप घडले नव्हते. चर्च परके की इथले, हा प्रश्न आपल्याकडेही होता आणि अजून अधूनमधून डोके वर काढतो. ग्रेशियस यांचे आयुष्य या एकाच प्रश्नाभोवती फिरले. म्हणून त्यांच्या चरित्राचा आढावा घ्यायचा तर त्यांच्या जन्माच्या बरेच मागे जावे लागते.

आधी पदाविषयी थोडे. कार्डिनल ही बिशपच्या वरची वेगळी दीक्षा नाही. डीकन, धर्मगुरू आणि बिशप एवढ्याच तीन पायऱ्या चर्चमध्ये आहेत. कार्डिनल म्हणजे पोपचा सल्लागार आणि पुढचा पोप निवडणारा मतदार. प्रत्येक कार्डिनलच्या नावे रोममधले एक चर्च लावले जाते, म्हणजे तो कुठेही राहत असला तरी रोमच्या धर्मगुरुमंडळाचा सभासद ठरतो. ग्रेशियस यांना सांता मारिया इन व्हिया लाता हे चर्च मिळाले. त्या काळी कार्डिनलांची संख्या ७० पुरतीच ठेवण्याचा सोळाव्या शतकापासूनचा दंडक होता आणि त्यातल्या बहुतेक जागा युरोपीयांच्या, विशेषतः इटालियनांच्या असत. अशा ठिकाणी नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचा माणूस बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

आता मागची गोष्ट. गोव्याच्या दिवाडी बेटावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेल्या माथेउस दे कास्त्रो यांना पोर्तुगीज गोव्यात धर्मगुरू होता येईना. ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातले असूनही गोव्याच्या आर्चबिशपच्या लेखी ते एतद्देशीयच. ते सरळ रोमला गेले. तिथे शिकले, दीक्षा घेतली आणि १६३७ मध्ये बिशप झाले. रोमने त्यांना पोर्तुगीज हद्दीबाहेर, विजापूरच्या आदिलशाही मुलखात नेमले. डिचोलीला राहून त्यांनी स्थानिक धर्मगुरू घडवायला सुरुवात केली आणि गोव्यातल्या पोर्तुगीज वरिष्ठांशी जन्मभर वैर पत्करले. पुढे हीच नेमणूक मोगलांच्या मुलखापर्यंत वाढली आणि तिच्यातूनच मुंबईची धर्मसत्ता उभी राहिली. मुंबईच्या आर्चबिशपच्या गादीचा धागा असा एका गोवेकराच्या बंडखोरीपर्यंत जातो. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

मुंबईत मात्र दोन धर्मसत्ता एकमेकींना भिडल्या. १६६१ च्या विवाहकराराने बेट इंग्रजांकडे आले, पण तिथल्या चर्चवर गोव्याच्या आर्चबिशपचा हुकूम चालत राहिला. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेल्या या हक्काचे नाव पाद्रोआदो. धर्मगुरू राजा पाठवणार, बिशपचे नाव राजा सुचवणार. इंग्रजांना हे खुपू लागले. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना मुंबईतून काढले आणि रोमने थेट पाठवलेल्या कार्मेलाइट संन्याशांना आणले. तेव्हापासून मुंबईच्या कॅथलिकांत दोन तट पडले: गोव्याच्या बाजूचे आणि रोमच्या प्रोपगांडा, म्हणजे धर्मप्रसार, खात्याच्या बाजूचे. एकाच वस्तीत शेजारी शेजारी दोन चर्च, दोघांचे बिशप वेगळे. १८५३ मध्ये वरच्या माहीमच्या चर्चच्या ताब्यावरून प्रकरण इतके पेटले की बिशप हार्टमन आपल्या माणसांसह चर्चमध्ये अडकून पडले. १९२८ पर्यंत ही दुहेरी व्यवस्था टिकली. त्या वर्षी दमण धर्मप्रांताचा साष्टी-वांद्र्याकडचा भाग मुंबईत विलीन झाला आणि तोडगा निघाला तो असा: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. मुंबईच्या कोळी, आगरी, गोवेकर, मंगळुरी भाविकांपैकी कोणाचा मुलगा त्या गादीवर बसू शकेल, हे तो करार करताना कोणाच्या मनातही नव्हते.

व्हॅलेरियन ग्रेशियस यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०० रोजी कराचीत झाला. आईवडील मूळ गोव्याचे. पोटापाण्यासाठी कराची, मुंबई, पुणे, पुढे आफ्रिका गाठणाऱ्या हजारो गोवेकर कुटुंबांपैकी हे एक. कराचीला शाळा, मंगळूरला सेंट जोसेफ सेमिनरी आणि मग श्रीलंकेतल्या कँडीची पेपल सेमिनरी असे त्यांचे शिक्षण झाले. कँडीची ही संस्था पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये खास हिंदुस्थानातल्या मुलांना धर्मगुरू करण्यासाठी काढली होती. हिंदुस्थाना, तुझी मुलेच तुझ्या तारणाचे सेवक होतील, अशा आशयाचे लॅटिन ब्रीद तिने घेतले. १९५५ मध्ये ही सेमिनरी पुण्यात नगर रस्त्यावर आली आणि आजही तिथेच आहे. लिओंच्या त्या ब्रीदाला ग्रेशियस यांच्या रूपाने पहिले मोठे फळ आले, असे म्हणता येईल.

१९२६ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. मग दोन वर्षे रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात काढून ते मुंबईला परतले. वांद्र्यात धर्मग्रामाचे काम, आर्चबिशप लिमा यांचे चिटणीसपद, आर्चडायोसिसची चान्सलरी आणि ‘एक्झामिनर’ या साप्ताहिकाचे संपादन अशी एकामागून एक कामे त्यांच्याकडे आली. १८५० मध्ये निघालेले हे इंग्रजी पत्र म्हणजे मुंबईच्या कॅथलिक समाजाची चावडी. तिथे लेखणी कमावली आणि व्यासपीठावर वाणी. इंग्रजीतले नामांकित वक्ते म्हणून त्यांची ख्याती झाली. १९४१ मध्ये कुलाब्याच्या होली नेम चर्चचे ते प्रमुख झाले. तिथे बसलेले ते पहिले भारतीय.

इथे दुसरा एक माणूस गोष्टीत येतो, आणि त्याच्याशिवाय ग्रेशियस यांचे चरित्र पुरे होत नाही. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. करारातल्या पाळीप्रमाणे त्यांच्यानंतर पोर्तुगीज यायचा होता. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना मुंबईच्या कॅथलिकांवर लिस्बनहून आर्चबिशप पाठवला जाणे चर्चला किती महाग पडेल, हे रॉबर्ट्स यांनी ओळखले. १९४६ मध्ये त्यांनी ग्रेशियस यांना सहायक बिशप म्हणून मिळवले, २९ जूनला स्वतःच्या हाताने त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली आणि मग स्वतः मुंबईपासून दूर राहू लागले. कारभार ग्रेशियस यांच्याकडे. म्हणजे एका भारतीयाने हे पद पेलून दाखवावे आणि रोमला दुसरे कारण उरू नये, अशी ही योजना होती. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने मुंबईसह सहा धर्मप्रांतांवरचा हक्क सोडला. ४ डिसेंबर १९५० रोजी रॉबर्ट्स पायउतार झाले आणि ग्रेशियस आर्चबिशप झाले. अधिकारपदावर बसलेल्या माणसाने आपण उठलो तरच दुसऱ्याला बसता येईल हे जाणून उठणे, आणि तेही वयाची साठी गाठण्याआधी, ही दुर्मीळ गोष्ट आहे. मुंबईने रॉबर्ट्स यांची आठवण याहून अधिक ठेवायला हवी होती.

लाल टोपी येण्याआधीची बाजू अशी. टोपी आल्यावर ग्रेशियस केवळ मुंबईचे राहिले नाहीत. १९५४ पासून ते भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष झाले आणि सरकारशी बोलायचे, पत्रकारांना उत्तर द्यायचे, रोमला इथली परिस्थिती समजावून सांगायची, ही सगळी कामे त्यांच्यावर आली. काळ सोपा नव्हता. मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांच्या कामावर कठोर अहवाल दिला. परदेशी धर्मगुरूंना व्हिसा मिळणे अवघड होत चालले होते. अशा वेळी बिशपांच्या बाजूने बोलणारा माणूस स्वतःच भारतीय असणे याला फार वजन होते. घटनेने दिलेला धर्मप्रचाराचा हक्क तो नागरिक म्हणून मागू शकत होता.

त्यातही गोव्याचा प्रश्न त्यांच्यासाठी घरचा होता. गोवा भारतात गेला तर तिथला कॅथलिक धर्म धोक्यात येईल, असा पोर्तुगालच्या सालाझार सरकारचा प्रचार होता. जुलै १९५५ मध्ये पंडित नेहरू रोमला बाराव्या पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे याला पोपची सहमती असल्याचे त्यांनी नंतर पत्रकारांना सांगितले. पोर्तुगालच्या दाव्याला त्याहून ठसठशीत उत्तर मुंबईत बसलेले होते. गोवेकर आईबापांचा मुलगा स्वतंत्र भारतात कार्डिनल होऊ शकतो. पोर्तुगीज गोव्यात तेव्हाही आर्चबिशप पोर्तुगीजच होता. गोवा मुक्त होऊन भारतात आल्यानंतरही पोर्तुगालने १९७४ च्या अखेरीपर्यंत भारताची सत्ता मान्य केली नाही आणि रोमने तोवर तिथे आर्चबिशपची कायम नेमणूक करायचे टाळले. गोव्याला आपला गोवेकर आर्चबिशप, राऊल गोन्साल्विस, मिळाला तो १९७८ मध्ये.

ग्रेशियस यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे १९६४ ची अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे ख्रिस्तप्रसादाभोवती भरणारा जगभरच्या कॅथलिकांचा मेळावा. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर असे ते दिवस, मुख्य सोहळे ओव्हल मैदानावर. एका बाजूला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला चर्चगेटच्या इमारती, मधल्या मोकळ्या मैदानात उंच वेदी, आणि देशोदेशींहून आलेले बिशप व भाविक. पोप सहावे पॉल २ डिसेंबरला सांताक्रूझ विमानतळावर उतरले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. स्वागताला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते. रस्त्यांवर लोटलेली गर्दी बहुतांशी ख्रिस्ती नव्हती, हे त्या भेटीचे वैशिष्ट्य सगळ्यांनीच नोंदवले आहे. मुंबईला पाहुणा पाहायला आवडतो हे खरे, पण त्या गर्दीत नुसते कुतूहल नव्हते.

३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली, असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. कॅथलिक चर्चने इतर धर्मांविषयीचे आपले आदराचे धोरण मांडणारा ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज त्यानंतर जवळजवळ वर्षाने, ऑक्टोबर १९६५ मध्ये संमत केला. कागदावर येण्याआधी ती भूमिका मुंबईत बोलली गेली होती. दुसऱ्या दिवशी पत्रकारांमार्फत त्यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केले: शस्त्रांवरचा खर्च कमी करा आणि तो पैसा गरीब देशांसाठीच्या जागतिक निधीत घाला. जाताना त्यांना इथे वापरायला मिळालेली पांढरी लिंकन मोटार ते मदर तेरेसांना देऊन गेले. तेरेसांनी ती एकदाही न वापरता सोडतीला लावली आणि आलेल्या पैशांतून कुष्ठरोग्यांच्या वसाहतीचे काम पुढे नेले.

ही काँग्रेस वादावाचून पार पडली नाही. देशात धान्यटंचाई असताना एवढा सोहळा कशाला, असे विचारले गेले. माझ्या मते तो प्रश्न रास्त होता. धर्मांतराच्या भीतीने विरोधही संघटित झाला. त्याच वर्षी २९ ऑगस्टला, जन्माष्टमीला, पवईच्या सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली आणि त्यामागच्या निमित्तांत येऊ घातलेली ही काँग्रेस होती असे अभ्यासक नोंदवतात. दुसऱ्या बाजूने पोर्तुगालचे सरकार चिडले. गोवा ‘बळकावणाऱ्या’ देशात पोपने जाणे हा आपला विनाकारण अपमान आहे, असे परराष्ट्रमंत्री फ्रांको नोगैरा यांनी जाहीरपणे म्हटले आणि पोर्तुगीज वर्तमानपत्रांत या भेटीच्या बातम्या दाबल्या गेल्या. एकाच सोहळ्याला इथले काही लोक परकीय आक्रमण म्हणत होते आणि लिस्बन भारतधार्जिणेपणा म्हणत होते. ग्रेशियस यांना या दोहोंच्या मधून वाट काढायची होती आणि त्यांनी ती तोल न जाऊ देता काढली. १९६६ मध्ये सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले.

पोपच्या निवडीत ते दोनदा बसले. १९५८ मध्ये मतदार ५१ होते. निवडून आले ते रोंकाल्ली, म्हणजे तेविसावे जॉन. १९६३ मध्ये ८० मतदारांनी सहाव्या पॉल यांना निवडले. मधे १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद चालली. ४ डिसेंबर १९६३ ला संमत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लॅटिनची सक्ती सैल केली आणि मिस्सा लोकभाषेत होऊ लागली. १९६९ मध्ये भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने आरती, पंचांग प्रणाम, जमिनीवर बसणे अशा बारा देशी रीतींना उपासनेत परवानगी दिली. त्यावर कॅथलिकांमधूनच नाराजी उठली. पिढ्यान्‌पिढ्या पोर्तुगीज वळणावर वाढलेल्यांना हे हिंदूकरण वाटले.

आणि इथेच मला ग्रेशियस यांच्या कामाची मर्यादा दिसते. त्यांनी चर्चचे नेतृत्व भारतीय केले, पण मुंबईच्या आर्चडायोसिसचा सार्वजनिक आवाज इंग्रजीच राहिला. सभा, पत्रके, ‘एक्झामिनर’, उच्चभ्रू शाळा, सगळे इंग्रजीत. वसई, उत्तन, गोराई, ठाण्याची गावठाणे, तिथले कोळी, कुपारी, वाडवळ आणि ईस्ट इंडियन यांची घरातली बोली मराठीची. थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणापासून या मातीत ख्रिस्ती मराठीची परंपरा आहे. तिला आर्चबिशपच्या घराचा दरवाजा त्या काळात पुरता उघडला नाही. ती वाढली वसईत, ‘सुवार्ता’ मासिकाभोवती, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंच्या लेखणीतून. दिब्रिटो यांनी पुढे सुबोध बायबल लिहिले आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. यात ग्रेशियस यांना दोष देण्यापेक्षा त्यांच्या पिढीची घडण पाहावी: कराची, कँडी, रोम, कुलाबा. स्वतंत्र भारताच्या दिल्लीशी आणि जगाशी बोलायला त्यांना इंग्रजीच लागत होते. तरीही उणीव ती उणीवच.

अखेरच्या वर्षांत कर्करोगाने त्यांना गाठले. ऑगस्ट १९७८ मध्ये सहावे पॉल गेले तेव्हा आजारपणामुळे ते निवडीला जाऊ शकले नाहीत. ११ सप्टेंबर १९७८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांना होली नेम कॅथीड्रलमध्ये पुरले. त्यांची रुंद कडेची, गोंडे लोंबणारी लाल टोपीही याच कॅथीड्रलने जपली. अशी टोपी देण्याची प्रथा १९६९ मध्ये रोमने बंद केली, त्यामुळे नंतर आलेल्या मुंबईच्या कोणाही कार्डिनलला ती मिळाली नाही.

त्यांचे उत्तराधिकारी त्याच दिवशी गादीवर आले. सायमन पिमेंटा मरोळचे, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी. माथेउस दे कास्त्रोंपासून सुरू झालेला हा प्रवास खऱ्या अर्थाने मुंबईच्या गावठाणात पोहोचला तो पिमेंटांपाशी, असे मी मानतो. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल मुंबईला आले आणि शिवाजी पार्कवर मिस्सा झाली, तेव्हा यजमान पिमेंटा होते. १९८८ मध्ये ते कार्डिनल झाले. त्यांच्यानंतरचे इव्हान डायस वांद्र्याचे, पण आयुष्य घालवलेले व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत: घाना, कोरिया, आणि साम्यवाद कोसळल्यानंतरचा अल्बानिया. १९९८ मध्ये वसई वेगळा धर्मप्रांत झाला तो त्यांच्या काळात. २००१ मध्ये कार्डिनल, २००६ मध्ये रोमच्या धर्मप्रसार खात्याचे प्रमुख. म्हणजे ज्या प्रोपगांडा खात्याने कार्मेलाइटांना मुंबईत पाठवले होते, त्याच खात्याच्या खुर्चीत मुंबईचा माणूस बसला. त्यांच्यानंतरचे ओस्वाल्ड ग्रेशियस माहीमचे. २००७ मध्ये कार्डिनल आणि २०१३ पासून पोप फ्रान्सिस यांच्या निवडक सल्लागार मंडळात. २०२२ मध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांना कार्डिनल केले गेले. त्याच दिवशी हैदराबादचे अँथनी पूला कार्डिनल झाले, ते भारतातले पहिले दलित कार्डिनल.

मे २०२५ च्या निवडीत भारताचे चार मतदार होते. ओस्वाल्ड ग्रेशियस त्यांत नव्हते, कारण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ८० वर्षे पूर्ण केली होती. जानेवारी २०२५ मध्ये ते निवृत्त झाले आणि जॉन रॉड्रिग्ज आर्चबिशप झाले. त्यामुळे १९५८ आणि १९६३ मध्ये जिथून भारताचे एकमेव मत जात होते, त्या मुंबईचे मत या वेळी नव्हते. गोव्याचे होते.